डावीकडचं निळं

"तू त्या बाजूनं चाल गं."

आईचा आवाज. एवढं एकच वाक्य, आणि तेही त्याला उद्देशून नाही, ताईला. शाळेला निघताना आई दारात उभी राहून हे म्हणायची, ओल्या हातांचं पाणी झटकत, आणि ताई त्याच्या मागून वळसा घालून पलीकडे जायची, दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकायची आणि त्याचा हात धरायची. आईचा चेहरा आता त्याला नीट आठवत नाही. एके काळी मासिकांसाठी चेहरे काढून पोट भरलेला माणूस तो, पण आईचा चेहरा काढायला बसला की हनुवटीपाशी अडतो. आवाज मात्र जसाच्या तसा उरलाय, शेवटच्या 'गं'वर किंचित उतरणारा, पाखरानं फांदीवर टेकावं तसा. इतकी वर्षं त्याचा समज होता की ती बाजू म्हणजे रस्त्याची बाजू. रस्त्यावर गाड्या असतात, मोठ्या बहिणीनं गाड्यांच्या अंगानं चालायचं, धाकट्यानं भिंतीच्या. सरळ गोष्ट. आज डोळ्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, कठडा धरून, त्याच्या ध्यानात आलं की शाळेतून परत येताना रस्ता दुसऱ्या अंगाला असायचा. आणि तरीही ताई त्याच बाजूला असायची. डावीकडे. जातानाही डावीकडे, येतानाही डावीकडे. पायरी संपली तरी त्याचा पाय आणखी एक पायरी शोधत राहिला.

झालं होतं ते इतकंच, की ताईचा गुडघा धरला होता. दोघं एकाच घरात राहतात, खाली स्वयंपाकघर आणि ताईची खोली, वर त्याची चित्रांची खोली. लग्न दोघांचंही राहून गेलं. त्याचं चित्रांमुळे, असं लोक म्हणतात, ताईचं कशामुळे ते कुणी कधी विचारलं नाही. फिरायला, रंगांच्या दुकानात, प्रदर्शनांना, सगळीकडे ताई बरोबर असायची, आणि लोक गमतीनं म्हणायचे की चित्रकाराची सावली एकाच बाजूला पडते. गुडघा धरल्यापासून तो एकटा बाहेर पडू लागला आणि जग एकाएकी त्याच्या अंगावर येऊ लागलं. आधी एक खांब आला. मग एक बाबागाडी, आणि तिच्यामागून बाबागाडीवाली आई, डोळे वटारून. मग तो सायकलवाला, ज्यानं त्याला उठवलं, त्याची टोपी झटकून दिली आणि म्हटलं की काका, समोर बघून चाला की. तो समोरच बघत होता. सोललेलं कोपर ताईनं धुतलं, औषध लावलं, आणि काहीच बोलली नाही. रागावली नाही, टोमणासुद्धा मारला नाही, आणि टोमणा न मारणारी ताई ही काळजी करण्यासारखी गोष्ट होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. ताई म्हणाली, असेल.

डॉक्टर म्हणजे अगदी पोर, केस रबरानं बांधलेले, बोलताना पेन कानामागं खोचणारी. तिनं त्याला एका यंत्रापुढं बसवलं. हनुवटी इथं ठेवा, मधल्या दिव्याकडं बघत राहा, कुठंही ठिपका चमकला की बटण दाबा. पांढऱ्या वाडग्याच्या पोटात तो डोकावून बसला. ठिपका चमकायचा, तो दाबायचा. ठिपका, बटण, ठिपका, बटण. मग बराच वेळ काही नाही, नुसता पांढरा, शांत, कुणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखा. मग पुन्हा ठिपक्यांची एक सर. त्याला ते आवडलं. त्याच्या मनात आलं, हे यंत्र ज्यानं केलं त्याला रचना कळते. कुठं भरायचं आणि कुठं गप्प बसायचं, ते कळतं. असा विचार करत, मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाला दाद देत, तो बटण दाबत राहिला.

पडद्यावर दोन गोल उमटले, शेजारी शेजारी, दोन्हींची डावी अर्धी बाजू काळीकुट्ट, उजवी करड्या ठिपक्यांची. त्याच्या मनात आलेला पहिला विचार असा होता की सगळं वजन डावीकडं पडलंय, मी असं कधी केलं नसतं. मग डॉक्टर बोलू लागली. डावा डोळा गेलाय का, असं त्यानं मध्येच विचारलं, तेव्हा ती म्हणाली की डोळे दोन्ही ठणठणीत आहेत. डोळ्यांच्या मागं, डोक्यात, जे बघणं असतं त्याची डावी बाजू नाहीये, दोन्ही डोळ्यांची. आणि हे आजचं नाही. लहानपणचं असणार, एखाद्या मोठ्या तापातलं, नाहीतर जन्मापासूनचंच. मान वळवून बघायची सवय होऊन जाते, आणि घरात सांभाळून घेणारं कुणी असलं तर वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही. ती हे सगळं मायेनं सांगत होती, आणि तो तिच्या कानामागच्या पेनाकडं बघत होता, आणि त्याला कळत नव्हतं की तिला दुसरा कान आहे की नाही.

"पण मग तिथं काळं दिसायला हवं ना मला?"

"काळं नाही दिसत, काका," ती म्हणाली. "तुम्हाला तुमच्या पाठीमागं आत्ता काय दिसतंय? तसं."

काम काय करता, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, आता काही नाही. हे खोटं होतं की खरं, तेही त्याला कळलं नाही.

रस्त्यानं तो भिंतीला धरून चालला, भिंत डावीकडं घेऊन, म्हणजे त्या बाजूनं काही यायला नको. दर थोड्या वेळानं मान वळवून भिंत आहे ना ते बघत होता. मान वळवली की भिंत यायची, पोपडे धरलेली, पावसाच्या जुन्या ओघळांची. मान सरळ केली की जायची. जायची म्हणजे कुठं जायची? इतकी वर्षं ती अशीच ये-जा करत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. भीती त्याला आंधळेपणाची वाटत नव्हती. दिसतं तेवढ्यावर आयुष्य काढलंच होतं, उरलेलंही निघालं असतं. भीती दुसरीच होती, आणि ती नीट समोर येत नव्हती, तीही बहुधा त्याच बाजूला उभी होती. कारण तो ज्यासाठी ओळखला जात होता, ज्यासाठी उमेदवारीतली पोरं त्याच्या पायाशी बसत होती, ज्याच्यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती, ती एकच गोष्ट होती. त्याची मोकळी बाजू. त्याच्या चित्रात सगळं उजवीकडं एकवटलेलं असतं, माणसं, भांडी, खिडक्या, दुःख, आणि डावीकडं मोठी मोकळी जागा. दुसऱ्या कुणाची एवढी मोकळी जागा कोसळली असती. त्याची उभी राहते.

चित्रकलेचे मास्तर आठवले, खोकला आणि खडू यांचे बनलेले. शाळेत एकदा त्यांनी टेबलावर एक वीट, एक सुरई आणि एक दुमडलेलं कापड मांडलं आणि काढा म्हणाले. त्यानं वीट आणि सुरई कागदाच्या उजव्या कडेला काढली आणि बाकीचा कागद तसाच ठेवला. पोरं हसली. मास्तर कागद घेऊन खिडकीपाशी गेले, पाठमोरे उभे राहिले, खोकले, पुन्हा बघत राहिले. मग म्हणाले, बाजू मोकळी सोडलीस, का रे? तो म्हणाला, अशीच. "अशीच सुटलेली बाजू सांभाळ," मास्तर म्हणाले. "लोक भरत सुटतात आणि मग चित्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही." त्या एका वाक्यावर त्यानं सगळं घर बांधलं होतं. आता भिंतीला हात लावून तो उभा राहिला आणि आठवू लागला की कापड कुठं होतं. विटेच्या उजवीकडं सुरई होती. कापड दुमडलेलं होतं, पट्ट्यापट्ट्यांचं होतं, हे त्याला पोरांच्या कागदांवरून माहीत होतं. स्वतःच्या डोळ्यांनी त्यानं ते पाहिलं होतं का? आणि मास्तर पाठमोरे एवढा वेळ काय बघत होते, कागद की खिडकीबाहेरचं काही? आई त्या वर्षी शाळेत एकदा येऊन गेली होती. मास्तरांशी ओट्यावर उभी राहून बोलत होती, पदराआड, हळू. ती काय बोलली? मास्तरांना जर माहीत होतं, तर ते वाक्य म्हणजे शिकवण नव्हती, पोराच्या डोक्यावरून फिरवलेला हात होता. आणि डोक्यावरून फिरवलेल्या हातावर कुणी आयुष्यभराचं घर बांधतं का?

पण मी शिकलो ना, तो स्वतःला म्हणाला, नुसता त्या हाताखाली बसून नाही राहिलो. खरंच शिकला होता. दोन काटकोनी पट्ट्या काळ्या पुठ्ठ्याच्या, त्या सरकवून लहानमोठी खिडकी करायची आणि तिच्यातून जग बघायचं, हे तर तो झोपेतसुद्धा करायचा. रोज सकाळी चहाच्या आधी एका जुन्या चित्राची काड्यापेटीएवढी नक्कल, तीनच रंगांत, काळा, करडा आणि कागदाचा पांढरा. चेहरे नाहीत, कपडे नाहीत, नुसतं वजन कुठं आणि हलकं कुठं. त्या काड्यापेट्यांनी खोके भरले होते. संग्रहालयांतून तो तासन्‌तास उभा राहायचा, मान एका अंगाला वळवून, आणि पहारेकरी त्याला त्या मानेवरून ओळखायचे. आलं बघा वाकड्या मानेचं पाहुणं, असं एक जण दुसऱ्याला म्हणालेलं त्यानं ऐकलं होतं आणि त्याला अभिमान वाटला होता. ती मान म्हणजे त्याला भक्ती वाटली होती. आरशाचंही तसंच. मास्तर सांगायचे, चित्र आरशात बघावं, उलटं होऊनही उभं राहिलं तर ते चित्र. त्याची चित्रं आरशात मरायची. आरशात वजन डावीकडं जायचं आणि एका नजरेत सगळं विझल्यासारखं व्हायचं. इतरांनी अशी चित्रं फाडली असती. त्यानं त्यातून सिद्धांत काढला, की चित्रालाही माणसासारखा सरावाचा हात असतो आणि अस्सल रचना एकाच हातानं जेवते. हे त्यानं व्याख्यानांत सांगितलं होतं. पोरांनी लिहून घेतलं होतं. आता शहरात चांगले डोळस असे कितीतरी चित्रकार चित्राची डावी बाजू मोकळी सोडत होते, का तर सर सोडतात म्हणून. या विचारानं त्याला रस्त्यातच हसू आलं, आणि ते असं काही मोठ्यानं बाहेर पडलं की समोरून येणारी बाई क्षणभर थांबून पुढं गेली.

आणि ते स्वयंपाकघर. सगळ्यांत पहिलं नाव झालेलं चित्र, आता संग्रहालयात कायमचं टांगलेलं. त्यानं ते घरीच काढलं होतं, ऐन विशीत, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, दारात चित्राचा घोडा मांडून. उजवीकडं खिडकी, खिडकीतला पिवळा उजेड, किटली, खुंटीवरचा टॉवेल, मोरीपाशी पाठमोरी आई. टेबल उजवीकडून सुरू होतं आणि डावीकडं पसरत जातं, आणि पसरता पसरता मोकळ्या जागेत विरून जातं. ती मोकळी जागा पांढरी नाही. तिथं एक फिकं निळं आहे, पाण्यानं पातळ केलेलं, इतकं पातळ की चित्राजवळ गेलं की जातं आणि दूर झालं की येतं. लोक नेहमी त्या निळ्याबद्दल विचारत. खोलीत निळं काहीच नाही, भिंत मातकट, उजेड पिवळा, मग हे निळं कुठून आलं? त्यानं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरं दिली होती. पिवळ्यासमोर डोळा स्वतःच निळं मागतो. थंड रंग मागं सरकतो आणि जागा मोठी होते. एकदा थकून म्हणाला होता की ते संध्याकाळचं निळं आहे. प्रत्येक उत्तर देताना ते त्याला खरं वाटलं होतं. पण त्या निळ्यासाठी कुंचला हातात घेतल्याचं मात्र त्याला आठवत नव्हतं. आईच्या पाठीचा प्रत्येक फटकारा आठवत होता.

घरी आला तेव्हा ताई स्वयंपाकघरात पाय लांब करून बसली होती, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. काय म्हणाली डॉक्टर? नंबर वाढलाय, तो म्हणाला आणि तडक जिना चढून वर गेला. खोलीत चित्राचं मोठं कापड घोड्यावर उभं होतं, प्रदर्शनासाठी. आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, कलादालनाच्या बाईंनी त्याला 'मोकळी बाजू' असं नाव सुचवलं होतं, त्यानं मान डोलावली होती, आणि आता छपाईवाला खोळंबला होता. संध्याकाळपर्यंत एकदा फोनवर हो म्हणा म्हणजे मी सुटले, असं बाई सकाळीच म्हणाल्या होत्या. एक शब्द. हो म्हणजे काय? हो म्हणजे ही बाजू मी सोडली. जी बाजू मला कधी दिलीच नव्हती ती मी सोडली, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं, आणि खाली स्वतःची चित्रं टांगायची, आणि दारात उभं राहून लोकांचे हात हातात घ्यायचे. आणि नाही म्हणजे? नाही म्हटलं तर मग ही सगळी चित्रं कुणाची?

त्यानं कापड उतरवून उलटं केलं, खालचं वर, तेही जुन्या अभ्यासातलंच. वजन डावीकडं गेलं. आता त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. मान ताठ ठेवली, कापडाच्या बरोबर मधोमध खिळ्यासारखी नजर रोवली, आणि ती हलू दिली नाही. आणि त्याला दिसलं की चित्र नाही. म्हणजे उजवीकडचा पांढरेपणा होता, आणि त्याच्यापुढं काही संपलंही नव्हतं, कडा नव्हती, काळोख नव्हता, फाटलेलं काही नव्हतं. एवढी माणसं काढली होती, एक हातगाडी, एक जिना, त्यांतलं काही नव्हतं आणि कशाचीही उणीव वाटत नव्हती. हेच सगळ्यांत वाईट होतं. त्याला ते सुंदर वाटलं. घाबरून त्यानं मान वळवली आणि माणसं परत आली, हातगाडी परत आली, जशी काही कुठं गेलीच नव्हती. त्यानं कोळशाची कांडी उचलली. मोकळी बाजू भरून टाकावी, आत्ताच्या आत्ता, काहीही काढावं, एक खुर्ची, एक झाड. हात कापडापर्यंत गेला आणि थांबला, कारण तिथं खुर्ची शोभत नव्हती. झाडही शोभत नव्हतं. तिथं काहीच शोभत नव्हतं, हे त्याला आतून, हाडातून कळत होतं, जसं इतकी वर्षं कळत आलं होतं. पण हे कळणारं जे कुणी आत बसलं होतं, ते अर्धं आंधळं होतं. मग त्याचं ऐकायचं का? आणि त्याचं नाही, तर कुणाचं? बाहेर शाळा सुटल्याचा गलबला झाला, वाढला, ओसरला. कांडी हातात घेऊन तो स्टुलावर बसून राहिला. कुठूनतरी आईचं एक गाणं येत होतं, ती ते चादरी घडी घालताना म्हणायची, एक टोक तिच्या हातात, एक टोक ताईच्या, आणि चादरीच्या झोळीत तो.

एका डोळ्यात चिमणी, एका डोळ्यात आभाळ,
मधल्या नाकाच्या बांधावर झोपलं माझं बाळ.

गाणंसुद्धा आता त्याला संशयानं तपासावंसं वाटलं. चिमणी कुठल्या डोळ्यात होती?

जिन्यावर ताईची पावलं वाजली, एक पाऊल आणि एक फरफट, एक पाऊल आणि एक फरफट. गुडघा दुखत असताना चढायचं कारण नव्हतं. ती आली, धापा टाकत थांबली, उलटं केलेलं कापड तिनं बघितलं आणि चहाचा कप ठेवला. रंगांच्या टेबलावर, त्याच्या उजव्या हाताशी. टेबल डावीकडंही तेवढंच लांब होतं आणि तिकडं जागा जास्त होती, इकडं बाटल्यांची दाटी. तिनं दोन बाटल्या सरकवून कपाला जागा केली. तो त्या सरकवलेल्या बाटल्यांकडं बघत राहिला.

"ताई, तू चहा नेहमी इकडंच का ठेवतेस?"

"तिकडं ठेवला तर तुझं चित्र पितं."

एरवी तो हसला असता. आता हसला नाही, आणि ताईला जे कळायचं ते कळलं. त्यानं सगळं सांगितलं, यंत्र, ठिपके, दोन अर्धे काळे गोल, पाठीमागं काय दिसतं तसं. सांगताना तो कपाकडं बघत होता. ताई फिरून पलीकडं गेली आणि दुसऱ्या स्टुलावर टेकली, त्याच्या डावीकडं. ती नेहमी तिथंच बसायची. त्यानं मान वळवली नाही. पहिल्यांदाच त्यानं जाणूनबुजून मान वळवली नाही. तिथं कुणी नव्हतं. फक्त दम लागलेला एक श्वास होता, आणि गुडघ्याला लावलेल्या औषधाचा वास.

मग त्या बाजूनं ताईचा आवाज आला, आणि तो आवाज हळूहळू सांगू लागला. की तो नुकता चालायला लागला होता तेव्हा मोठा ताप आला होता, आणि ताप उतरल्यावर तो एकाच बाजूच्या खुळखुळ्याकडं वळायचा. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, आईनं ताईला. त्याला सांगायचं नाही, घाबरेल; कुणालाच सांगायचं नाही, पोरं नेमकी त्याच बाजूनं येऊन टपल्या मारतील. ताईनं विचारलं होतं, कुठवर नाही सांगायचं? आई म्हणाली होती, मोठा होईस्तोवर.

"मग तू मोठाच झाला नाहीस, छोट्या. मी काय करू?"

छोट्याचे केस केव्हाच पिकले होते. मास्तरांना माहीत होतं का, त्यानं विचारलं. आई गेली होती त्यांच्याकडं एकदा, ताई म्हणाली, पण काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. म्हणजे तेही गेलं. हो किंवा नाही, एवढं तरी हाती लागलं असतं. तो म्हणाला की आता बाईंना फोन करून सांगतो, हे प्रदर्शन नको. लोकांना काय दाखवायचं, मी सोडलेली जागा म्हणून मला न दिसलेली जागा? आयुष्यभर बसून जो अभ्यास केला तो एका खोडीला शहाणपणाचे कपडे शिवायचा अभ्यास होता. तो शांतपणे बोलत होता, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसा. खाली फोन वाजू लागला. बाईच असणार, संध्याकाळ झाली होती. तो स्टुलावरून उठला.

"थांब," ती बाजू म्हणाली. "वाजू दे."

फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजू लागला.

"स्वयंपाकघराचं चित्र काढत होतास ना," ताई म्हणाली, "तेव्हा टेबलाच्या त्या टोकाला मी बसायचे. रोज. तू दारात उभा राहायचास, त्या दोन पट्ट्या डोळ्यासमोर धरायचास, आणि मला वाटायचं, मी येणार चित्रात. म्हणून आईनं विणलेला नवा स्वेटर घालून बसायचे. एवढा उकाडा, आई म्हणायची, वेड लागलंय का तुला. पाठीवरून घाम ओघळायचा, पण हलायचे नाही. आणि झालं म्हणालास तेव्हा बघायला आले. किटली होती. टॉवेल होता. आईची पाठ होती, वेणीसकट. मी नव्हते."

त्याच्या हातातली कांडी मोडली. मान वळवायची होती, पण मान वळेना.

"मग बोलली का नाहीस तू?"

"तू मला विचारलंस, ताई, कसं झालंय? मी बघितलं. चांगलं झालं होतं रे. उगीच नाही म्हणत, खरंच चांगलं झालं होतं. मी मधे आले असते तर बिघडलं असतं, हे मलासुद्धा दिसत होतं. रडायला आलं होतं, पण चित्र चांगलं झालं होतं. दोन्ही एकदम. ते तेव्हा कसं सांगायचं, मला कळलं नाही. अजून कळत नाही."

खालचा फोन थांबला. खोलीत उजेड कमी झाला होता आणि उलट्या कापडावरची माणसं डोक्यावर उभी राहून ऐकत असल्यासारखी दिसत होती. बराच वेळ तो कपावर धरलेल्या सायीकडं बघत राहिला. मग समोर बघतच, जपून, एखादं भरलेलं भांडं उचलावं तसं, त्यानं विचारलं,

"स्वेटर कुठल्या रंगाचा होता?"

"निळा," ताई म्हणाली. "फिका निळा. तू मला नाही काढलंस, छोट्या. पण तो काढलास. मी तेव्हाच बघितलं होतं."